तबकडी दिसली म्हणजे पाहुणे आले का?

२ एप्रिल २०२२, गुढीपाडवा. संध्याकाळी पावणेआठच्या सुमारास विदर्भात आणि लगतच्या मध्य प्रदेशात लोक अंगणात, गच्चीवर येऊन वर बघत उभे राहिले. पेटत्या गोळ्यांची एक रांग मागे लांब शेपट्या सोडत आभाळ ओलांडत होती, तीही सावकाश. मोबाइलवर चित्रण झालं, ते व्हॉट्सअॅपवर फिरलं आणि सोबत तर्कही फिरले. कुणी म्हणालं क्षेपणास्त्र, कुणी म्हणालं विमान पेटलंय, कुणी थेट एलियनपर्यंत पोचलं. त्याच रात्री चंद्रपूर जिल्ह्यात सिंदेवाही तालुक्यातल्या लाडबोरी गावात धातूचं एक भलंमोठं कडं पडलेलं सापडलं. आसपासच्या भागात धातूचे पोकळ गोळेही मिळाले.

उलगडा लवकर झाला. उपग्रह आणि रॉकेटचे अवशेष कुठे फिरताहेत याची बारीक नोंद ठेवणारे खगोलशास्त्रज्ञ जोनाथन मॅकडॉवेल यांनी सांगितलं, की हा चीनच्या ‘लाँग मार्च ३बी’ रॉकेटचा तिसरा टप्पा असावा. फेब्रुवारी २०२१ मध्ये उडालेल्या रॉकेटचा हा भाग वर्षभर पृथ्वीभोवती फिरत होता आणि नेमका त्याच सुमाराला खाली यायचा होता. दृश्य संथ का होतं तेही यातून कळतं. उल्का वातावरणात शिरते ती सेकंदाला ११ ते ७२ किलोमीटर वेगाने, आणि पापणी लवेपर्यंत संपते. कक्षेतून घसरलेलं भंगार सेकंदाला साधारण आठ किलोमीटर वेगाने, जवळजवळ आडवं शिरतं. म्हणून ते तुटत, जळत, बराच वेळ दिसत राहतं.

या घटनेत शोध घेणाऱ्याला हवं ते सगळं हाताशी होतं. वेगवेगळ्या गावांतले साक्षीदार, वेळेसकट चित्रण, कोणती वस्तू कधी पडणार याची यादी, आणि गावात पडलेला धातूचा तुकडा. इतकी सोय फार क्वचित होते. यातली एखादी गोष्ट कमी पडली की वस्तूची ओळख पटत नाही, आणि ओळख न पटलेल्या उडत्या वस्तूला यूएफओ म्हणतात. अमेरिकी सरकार हल्ली यूएपी म्हणतं, पण मुद्दा तोच. हे नाव त्या वस्तूबद्दल काहीच सांगत नाही. ते सांगतं, की आपल्याकडे माहिती अपुरी आहे.

माणसं खोटं बोलतात म्हणून अशा बातम्या तयार होतात, असं मला वाटत नाही. बहुतेक जण जे दिसलं तेच सांगतात, आणि त्यात प्रशिक्षित माणसंही असतात. ऑगस्ट २०१२ ते फेब्रुवारी २०१३ या काळात लडाखच्या सीमेवरच्या आपल्या जवानांनी आकाशात ३२९ वेळा अनोळखी प्रकाशमान वस्तू पाहिल्याची नोंद केली. त्यांतल्या १५५ वेळा ती वस्तू प्रत्यक्ष नियंत्रण रेषा ओलांडून आल्याचंही लिहिलं. चीनचे टेहळणी ड्रोन असतील हा संशय रास्त होता. शेवटी बंगळूरच्या भारतीय खगोलभौतिकी संस्थेच्या शास्त्रज्ञांना बोलावलं गेलं. त्यांनी वेळा आणि दिशा तपासल्या. संध्याकाळी उगवून रात्रभर दिसणारी वस्तू गुरू निघाली आणि पहाटेची शुक्र.

जवानांना हसण्यासारखं यात काही नाही. लडाखची हवा विरळ आणि स्वच्छ, तिथे ग्रह मैदानी प्रदेशापेक्षा कितीतरी तेजस्वी दिसतात. काळ्या आभाळात एकटा ठिपका टक लावून पाहिला की तो हलतोय असं वाटायला लागतं. डोळ्याची ही खोड मानसशास्त्रज्ञांना फार वर्षांपासून माहीत आहे. शिवाय ठिपका किती दूर आहे हे कळायला डोळ्याकडे काही साधन नसतं. तो दोन किलोमीटरवरचा दिवा असू शकतो किंवा साठ-सत्तर कोटी किलोमीटरवरचा गुरू. अंतर कळलं नाही तर आकार कळत नाही, आकार कळला नाही तर वेगही कळत नाही. ‘अफाट वेगाने गेलं’ हे वाक्य म्हणूनच निम्म्याहून अधिक वेळा फक्त अंदाज असतो.

कॅमेराही याला अपवाद नाही. अमेरिकी नौदलाच्या विमानातून २०१५ साली चित्रित झालेली एक प्रसिद्ध चित्रफीत आहे. तिच्यात एक पांढरा ठिपका समुद्रावरून सुसाट जाताना दिसतो आणि वैमानिक आश्चर्याने ओरडताना ऐकू येतात. ती ज्यांनी पाहिली त्यांतल्या बहुतेकांना वस्तू पाण्याला जवळजवळ चिकटून चालली आहे असंच वाटतं. नासाने नेमलेल्या अभ्यासगटाने २०२३ मध्ये पडद्यावर दिसणारे आकडे घेऊन साधी त्रिकोणमिती केली. विमान २५ हजार फुटांवर, वस्तू १३ हजार फुटांच्या आसपास, आणि तिचा स्वतःचा वेग ताशी सुमारे ६५ किलोमीटर. म्हणजे वाऱ्यावर वाहणाऱ्या वस्तूला शोभेल इतकाच. एसटीच्या खिडकीतून बघताना जवळचे खांब मागे पळतात तसंच इथे घडलं होतं: पळत होतं ते विमान, आणि वेग चिकटला ठिपक्याला.

अमेरिकेचा उल्लेख टाळता येत नाही, कारण या विषयाचे सर्वांत मोठे दप्तर तिथलंच आहे. जून १९४७ मध्ये केनेथ अर्नोल्ड नावाच्या खासगी वैमानिकाने वॉशिंग्टन राज्यातल्या माउंट रेनियरजवळ नऊ चकाकत्या वस्तू पाहिल्या. त्याने वर्णन केलं होतं त्यांच्या चालीचं: पाण्यावर बशी फेकली की ती टप्पे घेत जाते, तशी. वर्तमानपत्रांनी बशी हा आकार समजून छापला आणि उडत्या तबकड्या जन्माला आल्या. पुढे लोकांना दिसायला लागल्या त्या तबकड्याच. मला हा तपशील सगळ्यात बोलका वाटतो. यान खरोखर परग्रहावरून येत असतं तर वार्ताहराच्या गैरसमजाप्रमाणे त्याने आपला आकार बदलला नसता.

अमेरिकी हवाई दलाच्या ‘प्रोजेक्ट ब्लू बुक’ने १९६९ पर्यंत १२,६१८ घटना नोंदवल्या. त्यांतल्या ७०१ घटनांचा उलगडा झाला नाही, म्हणजे साधारण साडेपाच टक्के. परग्रहवासीयांवर विश्वास असणारे याच ७०१ वर बोट ठेवतात. पण उरलेल्या घटना म्हणजे एखाद्या वेगळ्या जातीच्या वस्तू नव्हेत. त्यातल्या बऱ्याच अशा, की ज्यांची माहितीच तोकडी होती. भारतातही असा नमुना आहे. १९ नोव्हेंबर २०२३ ला इंफाळ विमानतळाजवळ अनोळखी वस्तू दिसली म्हणून उड्डाणं काही तास थांबली, हवाई दलाने राफेल विमानं धाडली, आणि हाती काही लागलं नाही. ते ड्रोन होतं, फुगा होता की आणखी काही, हे आज कुणी छातीठोकपणे सांगू शकत नाही. ‘सांगू शकत नाही’ याच्या पुढे ‘म्हणून परग्रहावरचं’ हे जोडलं की तर्काचा गाडा घसरतो.

‘सरकार लपवतंय’ या आरोपात मात्र तथ्य आहे. सरकार लपवत होतंच, फक्त निराळं काहीतरी. १९४७ मध्ये न्यू मेक्सिकोत रॉसवेलजवळ सापडलेले अवशेष ‘प्रोजेक्ट मोगल’च्या फुग्यांचे होते असं हवाई दलाने १९९४ मध्ये सांगितलं. सोव्हिएत अणुचाचण्यांचा आवाज उंच वातावरणात टिपण्याचा तो गुप्त कार्यक्रम होता. पुढे यू-२ ही हेरगिरी विमानं साठ हजार फुटांवरून उडू लागली, तेव्हा प्रवासी विमानांच्या वैमानिकांना सूर्यास्तानंतरही वर काहीतरी झळाळताना दिसायचं. खरं सांगायची सोय नव्हती, मग हवामानाचं कारण पुढे केलं जायचं. लोकांना हे पटत नव्हतं, आणि त्यांचं चुकत नव्हतं. एकदा विश्वास गेला की नंतरचा खरा खुलासाही कुणी मानत नाही. जुलै २०२३ मध्ये डेव्हिड ग्रश या माजी गुप्तचर अधिकाऱ्याने अमेरिकी संसदेच्या समितीसमोर शपथेवर सांगितलं, की सरकारकडे परकी यानांचे अवशेष आहेत. त्याने स्वतः ते पाहिले नव्हते. इतरांकडून ऐकलं होतं. मार्च २०२४ मध्ये पेंटागॉनच्याच तपास कार्यालयाने १९४५ पासूनची कागदपत्रं चाळून असा कोणताही पुरावा नसल्याचं जाहीर केलं. अपेक्षेप्रमाणे कुणाचंच मत बदललं नाही.

काही घटना खरोखरच अवघड आहेत. नोव्हेंबर २००४ मध्ये ‘निमिट्झ’ या विमानवाहू जहाजाच्या वैमानिकांनी कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्याजवळ पांढरी, लांबुळकी वस्तू पाहिली. डेव्हिड फ्रेव्हर या अनुभवी वैमानिकाचं वर्णन सहज झटकून टाकता येत नाही. ते मी कोडं म्हणून बाजूला ठेवतो. त्यापुढे जायला लागणारा कच्चा पुरावा सार्वजनिक नाही.

माझा कल ठरवणारी गोष्ट वेगळीच आहे. १५ फेब्रुवारी २०१३ च्या सकाळी रशियातल्या चेल्याबिन्स्कवर साधारण वीस मीटरचा अशनी फुटला. कुणालाही पूर्वसूचना नव्हती. तरी मोटारींच्या पुढच्या काचेवर लावलेल्या कॅमेऱ्यांनी तो इतक्या कोनांतून टिपला, की चित्रफितींवरून शास्त्रज्ञांनी त्याची सूर्याभोवतीची मूळ कक्षा काढली. दुर्मिळ, अचानक, काही सेकंदांची घटना असूनही. आज कोट्यवधी लोकांच्या खिशात चांगला कॅमेरा आहे. अशनी स्पष्ट दिसायला लागले, वीज कोसळतानाची दृश्यं स्पष्ट दिसायला लागली. तबकड्या मात्र १९५० इतक्याच धूसर राहिल्या. त्या येत असत्या तर त्यांची छायाचित्रंही सुधारायला हवी होती.

एवढं वाचून कुणाला वाटेल, की विश्वात आपण एकटेच आहोत असं माझं म्हणणं आहे. तसं नाही. ‘ते इथे येतात का’ आणि ‘ते कुठे आहेत का’ हे प्रश्न वेगवेगळे आहेत, आणि दुसऱ्याबद्दल मी बराच आशावादी आहे.

आपल्या आकाशगंगेत दहा हजार कोटी ते चाळीस हजार कोटी तारे आहेत. त्यांच्याभोवती ग्रह असतील हा १९९० च्या आधी तर्क होता. १९९५ मध्ये मिशेल मेयर आणि दिदिए क्वेलोझ यांनी सूर्यासारख्या ताऱ्याभोवतीचा पहिला ग्रह शोधला, त्यासाठी त्यांना २०१९ चं नोबेल मिळालं, आणि २०२५ मध्ये इतर ताऱ्यांभोवतीच्या ग्रहांची नासाची यादी सहा हजारांवर गेली. ताऱ्याला ग्रह असणं हा नियम निघाला. कच्चा मालही दुर्मिळ नाही. बेन्नू या लघुग्रहावरून २०२३ मध्ये आणलेल्या मातीत सजीवांच्या प्रथिनांत लागणाऱ्या वीस अमिनो आम्लांपैकी चौदा सापडली, आणि डीएनए-आरएनएची ‘अक्षरं’ असलेली पाचही रसायनंही. शनीच्या एन्सेलॅडस चंद्रावरून पाण्याचे फवारे अवकाशात उडतात. आणि सजीव किती चिवट असतात हे बघायला बुलढाण्यापलीकडे जावं लागत नाही: लोणारच्या खाऱ्या, साबणासारख्या अल्कधर्मी पाण्यात सूक्ष्मजीव सुखाने नांदतात.

आता अवघड भाग. पृथ्वीचं वय सुमारे ४५४ कोटी वर्षं. किमान ३५० कोटी वर्षांपूर्वी इथे सूक्ष्मजीव होते. म्हणजे पृथ्वी निवल्यावर जीवसृष्टी तुलनेने लवकर आली. पण त्यानंतर? बहुतांश काळ फक्त सूक्ष्मजीवांचा. डोळ्यांना दिसतील असे प्राणी आले सुमारे ६० कोटी वर्षांपूर्वी, आपली जात तीन लाख वर्षांपूर्वी, आणि रेडिओ वापरता येऊ लागून सव्वाशे वर्षांच्या आसपास झाली. जीव लवकर, बुद्धी फार उशिरा आणि तीही एकाच फांदीवर. डायनासोर कोट्यवधी वर्षं राज्य करून गेले, त्यांना दुर्बीण बांधावीशी वाटली नाही. उत्क्रांतीला कुठे पोचायचं नसतं. जगण्यापुरतं जमलं की तिचं भागतं.

यात एक फसगतही आहे. ‘इथे घडलं, म्हणजे इतरत्रही घडत असणार’ हे पटकन पटतं. पण जिथे बुद्धी उपजली नाही तिथे हा प्रश्न विचारायलाच कुणी नसतं. हजारांत एका ग्रहावर बुद्धिमान जीव येत असोत किंवा संपूर्ण आकाशगंगेत एकाच ठिकाणी, दोन्ही बाबतीत प्रश्न विचारणाऱ्याला स्वतःच्या ग्रहावर बुद्धी आढळणारच. म्हणून आपलं उदाहरण फारसं काही सिद्ध करत नाही. दुसरं एक तरी उदाहरण हवं. मंगळावर किंवा गुरूच्या युरोपा चंद्रावर, पृथ्वीशी नातं नसलेला साधा जिवाणू मिळाला तरी सगळं गणित बदलेल.

खगोलशास्त्रज्ञ फ्रँक ड्रेक यांनी १९६१ मध्ये अमेरिकेतल्या ग्रीन बँकच्या वेधशाळेत जमलेल्या मोजक्या शास्त्रज्ञांसमोर फळ्यावर मांडलेलं समीकरण अशाच सात अनिश्चित आकड्यांचा गुणाकार आहे: तारे किती जन्मतात, ग्रह कितींना, राहण्याजोगे किती, जीव कुठे, बुद्धी कुठे, संदेश पाठवण्याइतकं तंत्रज्ञान कुठे, आणि शेवटचा, ती संस्कृती टिकते किती काळ. लोक पहिल्या सहांवर वाद घालतात. मला सातवा सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. एक हिशेब करून बघा. समजा आकाशगंगेच्या हजार कोटी वर्षांत एक लाख प्रगत संस्कृती उपजल्या. भरपूर झाल्या! प्रत्येक दहा हजार वर्षं टिकली असं धरू. एक लाख गुणिले दहा हजार, भागिले हजार कोटी. उत्तर येतं ०.१. म्हणजे कुठल्याही क्षणी डोकावून पाहिलं, तर दहापैकी नऊ वेळा आकाशगंगेत कुणीच नाही. लाख संस्कृती होऊनही प्रत्येक जण एकटा, कारण एकाची वेळ दुसऱ्याशी जुळत नाही. त्याच संस्कृती दहा लाख वर्षं टिकल्या, तर एका वेळी दहा असतील, आणि एक लाख प्रकाशवर्षं रुंद आकाशगंगेत त्यांच्यात हजारो प्रकाशवर्षांचं अंतर. आपण आपल्या दहा हजारांपैकी जेमतेम शंभरसव्वाशे वर्षं काढली आहेत.

मग अंतराचा अडथळा. आपण पाठवलेलं सर्वांत दूरचं यान व्हॉयेजर १. सप्टेंबर १९७७ मध्ये निघालेल्या या यानावर सोन्याचा मुलामा दिलेली तबकडी आहे, आणि तिच्यावर पंचावन्न भाषांतल्या नमस्कारांत एक मराठी आहे. शिवाय केसरबाई केरकरांची भैरवी, ‘जात कहाँ हो’. गोव्यातल्या केरीच्या केसरबाई यान उडाल्यावर दोनच आठवड्यांत वारल्या. त्यांचा आवाज सेकंदाला सतरा किलोमीटर वेगाने चालला आहे. ऐकायला प्रचंड वेग. पण जवळपास पन्नास वर्षांत या यानाने कापलेलं अंतर प्रकाश एका दिवसात कापतो. सूर्यानंतरचा सगळ्यात जवळचा तारा, प्रॉक्सिमा सेंटॉरी, ४.२४ प्रकाशवर्षांवर. याच वेगाने त्या दिशेला निघालो तर पोचायला सुमारे ७५ हजार वर्षं.

वेग वाढवा म्हणाल तर ऊर्जेचं बिल येतं. प्रकाशाच्या एक-दशांश वेगाने जाणाऱ्या फक्त एक किलो वस्तूत हिरोशिमावरच्या बॉम्बच्या सातपट ऊर्जा असते. हजार टनांचं यान या वेगाला आणायला, काडीचीही नासाडी न करता, सगळं जग वर्षभरात वापरतं त्याच्या दोन-तृतीयांशाहून जास्त ऊर्जा लागेल. थांबायचं असेल तर पुन्हा तेवढीच. भौतिकशास्त्र याला मनाई करत नाही, हे खरं. पण इतका खर्च करून कुणी यावं आणि एका शेतावर घिरट्या घालून, काही न बोलता परत जावं, हे माझ्या गळी उतरत नाही.

याच्या उलट बाजूने भौतिकशास्त्रज्ञ एन्रिको फर्मी यांचा युक्तिवाद आहे, आणि तो हलका नाही. १९५० च्या उन्हाळ्यात अमेरिकेतल्या लॉस अलामॉसच्या प्रयोगशाळेत जेवायला जाताना, एका साप्ताहिकातल्या तबकड्यांवरच्या व्यंगचित्राचा विषय निघाला. जेवता जेवता फर्मींनी मध्येच विचारलं, की मग सगळे आहेत तरी कुठे? त्यामागचा हिशेब असा: प्रकाशाच्या फक्त एक टक्का वेगाने पसरत गेलं, तरी आकाशगंगा पार करायला एक कोटी वर्षं लागतील, आणि आकाशगंगेचं वय त्याच्या हजारपटीहून जास्त आहे. माणसं पाठवायची गरज नाही, यंत्रं पाठवली तरी चालेल. कुणीतरी एकाने केलं असतं तरी खुणा इथे दिसायला हव्या होत्या. त्या दिसत नाहीत. मग एकतर कुणी नाही, किंवा पसरत सुटण्याची हौस सगळ्यांनाच असते हे आपलं गृहीतक चुकलंय. मला दुसरं जास्त संभवनीय वाटतं. वसाहतींचा इतिहास आपला आहे. तो साऱ्या विश्वाचा नियम का असावा?

जाणं परवडत नसेल तर ऐकणं परवडतं. १९६० पासून रेडिओ दुर्बिणी हेच करत आहेत, आणि या शोधाचा इतिहास फजित्यांनी भरलेला आहे. केंब्रिजमध्ये जॉसलिन बेल यांना १९६७ मध्ये दर १.३३ सेकंदाला येणारे अचूक ठोके ऐकू आले तेव्हा त्या स्रोताला गमतीने ‘हिरवे बुटके’ असं टोपणनाव मिळालं. तो स्पंदक तारा होता, म्हणजे स्वतःभोवती फिरत ठरावीक वेळाने रेडिओ लहरींचा झोत टाकणारा तारा, आणि तो शोध स्वतःच मोठा ठरला. ऑस्ट्रेलियातल्या पार्क्स दुर्बिणीला काही गूढ लहरी वर्षानुवर्षं छळत होत्या. २०१५ मध्ये कळलं, की आवारातला मायक्रोवेव्ह ओव्हन बंद व्हायच्या आधीच कुणीतरी दार उघडत होतं. त्याच दुर्बिणीला २०१९ मध्ये प्रॉक्सिमाच्या दिशेने आलेला एक संकेत मात्र गंभीर वाटला होता. छाननीअंती २०२१ मध्ये तोही माणसाच्याच उपकरणांचा गोंगाट ठरला. अमेरिकेतल्या ओहायो स्टेट विद्यापीठाच्या दुर्बिणीने १५ ऑगस्ट १९७७ ला टिपलेला ७२ सेकंदांचा प्रसिद्ध ‘वॉव’ संकेत पुन्हा कधीच आला नाही. जे पुन्हा तपासता येत नाही त्याचं विज्ञानात काही करता येत नाही.

ऐकू येणं शक्य आहे का, याचा दाखला नारायणगावजवळच्या खोडदला मिळतो. तिथल्या जीएमआरटी दुर्बिणीने, म्हणजे गोविंद स्वरूप यांच्या नेतृत्वाखाली उभ्या राहिलेल्या ४५ मीटर व्यासाच्या तीस तबकड्यांनी, १९ ऑक्टोबर २०१६ ला मंगळावर उतरणाऱ्या युरोपच्या स्कियापरेली यानाचा क्षीण संकेत कोट्यवधी किलोमीटरांवरून पकडला. उतरण्याच्या अखेरच्या टप्प्यात तो तुटला, तेही इथेच कळलं. पण मंगळ आपल्या अंगणात आहे. आपल्या टीव्ही-मोबाइलची गळती जवळच्या ताऱ्यावरूनही ऐकणं कठीण. अवकाशात रोखलेले शक्तिशाली रडारचे झोत मात्र फार दूर जातात. म्हणजे कुणी मुद्दाम आपल्याकडे झोत टाकला आणि आपण नेमक्या त्या वेळी, त्या दिशेला, त्या कंप्रतेवर कान लावला, तरच भेट. साठ वर्षांच्या शांततेवरून ‘कुणीच नाही’ म्हणणं घाईचं आहे.

‘ते’ यानातून न येता धुळीतून आले असतील का, याचाही तपास महाराष्ट्रातल्या माणसाने करून पाहिला. जयंत नारळीकरांच्या पुढाकाराने २००१ आणि २००५ मध्ये हैदराबादहून फुगे सोडून २० ते ४१ किलोमीटर उंचीवरची हवा निर्जंतुक नळकांड्यांत भरून आणली गेली. दुसऱ्या वेळच्या नमुन्यांत जिवाणूंच्या तीन नव्या जाती मिळाल्या. पुण्याच्या आणि हैदराबादच्या प्रयोगशाळांनी त्या तपासल्या. एकीला ब्रिटिश खगोलशास्त्रज्ञ फ्रेड हॉइल यांचं, एकीला इस्रोचं, एकीला आर्यभटाचं नाव दिलं. हे जिवाणू अवकाशातून आले असं मात्र इस्रोने २००९ च्या घोषणेत म्हटलं नाही. ते बरंच झालं, कारण आर्यभटाच्या नावाचा जिवाणू पुढे पिकांच्या मुळांजवळच्या मातीत जागोजागी सापडला. प्रश्न धाडसी, नमुने गोळा करण्याची पद्धत काटेकोर आणि निष्कर्ष पुराव्याइतकाच. या विषयात हे तिन्ही एकत्र फार कमी वेळा दिसतं.

कारण उलट उदाहरणं रोज मिळतात. जुलै २०२५ मध्ये आपल्या सूर्यमालेबाहेरून आलेला ३आय/अॅटलस हा पिंड सापडला. हार्वर्डचे आवी लोब यांनी तो यान असण्याची शक्यता मांडली आणि वाहिन्यांना दिवाळी लागली. त्याच्याभोवती धूळ आणि वायूंचं आवरण होतं, तो धूमकेतूसारखा वागला, तो धूमकेतूच आहे. एप्रिल २०२५ मध्ये केंब्रिजचे निक्कू मधुसूदन यांच्या गटाने १२४ प्रकाशवर्षांवरच्या के२-१८बी या ग्रहावर डायमिथाइल सल्फाइडच्या खुणा असल्याचं सांगितलं. पृथ्वीच्या समुद्रात हा वायू मुख्यतः सूक्ष्म वनस्पती तयार करतात. इतर गटांनी तीच माहिती तपासली आणि खुणा पुरेशा ठळक नाहीत असं म्हटलं. शिवाय हाच वायू एका निर्जीव धूमकेतूवरही आढळला आहे. वाद चालू आहे, आणि तो उघडपणे, आकड्यांवर चालू आहे. पहिला खरा पुरावा आला तर तो बहुधा असाच येईल: एखाद्या आलेखावरचा खड्डा, ज्यावर पाच-दहा वर्षं भांडण होईल. ऑक्टोबर २०२४ मध्ये निघालेलं युरोपा क्लिपर २०३० मध्ये गुरूपाशी पोचेल, आणि तेही जीव शोधायला जात नाही; जीव राहू शकेल का एवढंच बघणार आहे.

दरम्यान तुम्हाला गच्चीवरून काही विचित्र दिसलं, तर आधी मोबाइलवर ताऱ्यांचा नकाशा उघडून शुक्र आणि गुरू कुठे आहेत ते बघा. सूर्यास्तानंतर किंवा पहाटे एका ओळीत चाललेले दिवे असतील तर ते नुकतेच सोडलेले स्टारलिंकचे उपग्रह असण्याची शक्यता मोठी. तरीही उलगडा होत नसेल तर वेळ मिनिटापर्यंत लिहून ठेवा, उभे होतात ती जागा आणि दिशा लिहा, आणि दुसऱ्या गावातल्या कुणाला तेच दिसलं का हे विचारा. दोन ठिकाणांहून पाहिलं की अंतर काढता येतं. चित्रण करताना चौकटीत झाडाचा शेंडा किंवा इमारतीचा कोपरा राहू द्या. आणि झूम करू नका. झूम केल्यावर उरतो तो काळ्या पडद्यावरचा थरथरता ठिपका, ज्यावरून कुणालाच काही मोजता येत नाही.